भावाचं जेवण झालं का?

इथल्या पंचांगातल्या सातव्या महिन्यात मेलेले जेवायला येतात, म्हणून युए-ग्वेई भात आणि डुकराचं मांस घेऊन संग्रहालयात आली. ही पूर्वी जपान्यांची पोलीस कचेरी होती. जपानी गेले, आपलं म्हणवणारं सरकार आलं आणि त्याच कोठड्या वापरू लागलं. तेव्हा तिचा भाऊ आत गेला तो गेलाच. भिंतीवर जपान्यांचे जुलूम लिहिलेत, नंतरच्यांबद्दल एक ओळ नाही. भावाच्या कोठडीत आता कॉफी विकतात.

"आजी, फाटकाबाहेर मांडा की. सगळे तिथेच मांडतात," पहारेकरी त्साई म्हणाला.

"तो बाहेर आलाच नाही. तिथे कोण जेवणार, तू?"

त्साईने कोपऱ्यातलं टेबल दिलं. उदबत्ती मात्र पेटवू दिली नाही.

बऱ्याच वेळाने तिने दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की मेलेल्याचं जेवण झालं. दोन्ही काटे पडले. पुन्हा टाकली, पुन्हा तेच.

"आजी, बंद करायची वेळ झाली. उरकलं का त्याचं?"

"नाही म्हणतोय."

"मग टाका अजून एकदा."

"इतकी वर्षं उपाशी आहे रे. जेवू दे सावकाश."

ती भिंतीला टेकली. त्साईने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि समोरची खुर्ची ओढली.