आत्याची तपासणी

आत्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. सकाळचं अकराचं विमान, म्हणजे सकाळची पाळी, म्हणजे तपासणीच्या रांगेवर नव्या मुली. ओळखीचं कोणी नाही. रेडिओ तर नाहीच नाही, कारण रेडिओची पाळी दुपारी बाराला सुरू होते.

रेडिओ म्हणजे आत्याची जुनी मैत्रीण. आता ती सुपरवायझर आहे. माणूस सोन्यासारखं, पण पोटात म्हणून काही राहत नाही. तिला सकाळी सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत पार्किंगवाल्याला ठाऊक असते. म्हणून रेडिओ.

आणि आत्या म्हणजे याच विमानतळावर बावीस वर्षं बायकांची तपासणी करणारी बाई. हातात मोजे, कमरेला बिल्ला, "हात वर, पुढे या, वळा." लहानपणी आम्ही तपासणी-तपासणी खेळायचो, तेव्हा आत्या मला खरोखरीच तपासायची. फ्रॉकच्या खिशात लपवलेली गोळी तिला कधी सापडली नाही असं झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर लघवीवरचा ताबा गेला. शिंकली की, हसली की, जिना चढली की. दहा दहा तास एका जागी उभं राहायची नोकरी, त्यात मधे निघून जायची सोय नाही. आत्याने नोकरी सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघे गेले. खरं काय ते फक्त आईला आणि मला माहीत. मला का, तर मेडिकलच्या दुकानातून डायपर मी आणते. आत्या तिथे गेली तर घसादुखीच्या गोळ्या घेऊन परत येते. मी सरळ सांगते, "मोठ्यांचे डायपर, मीडियम, दहाचं पाकीट." दुकानदार आता मला बघितलं की पाकीट काढूनच ठेवतो.

हे धाडस माझ्यात नवीन आहे हं. सातवीपर्यंत मी हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा पुटपुटायचे. मग गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी मला जबरदस्तीने उभं केलं, आणि काय झालं कोण जाणे, मी सात मिनिटं बोलले आणि लोक टाळ्या थांबवेनात. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही. आत्या मला टकळी म्हणते. आत्ताही आम्ही त्याच स्पर्धेला निघालो होतो. अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या टोकाच्या शहरात, सोबत घरचं मोठं माणूस हवंच. आईचा पाय प्लास्टरमध्ये, बाबांना बेकरी सोडून जाता येत नाही. राहिली आत्या. ती "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझा चेहरा बघून म्हणाली, "येते."

आम्ही विमानतळावर पोचलो आणि फलकावर दिसलं, विमान अडीच तास उशिरा.

"म्हणजे आत जायलाच साडेअकरा," आत्या म्हणाली.

"मग आताच जाऊ ना आत!"

"सोडत नाहीत एवढ्या आधी. वेळेच्या दोन तास आधी. नियम आहे."

साडेअकराला रांगेत उभे राहिलो तेव्हा आमच्यापुढे पन्नास माणसं होती आणि रांग गोगलगाईसारखी. आत्याने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ सुकले होते. मी तिला हसवायला काहीबाही बडबडत होते, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की घड्याळ रुतलं.

"आली."

काचेच्या पलीकडून एक जाडसर, हसतमुख बाई येत होती, हातात डबा, दिसेल त्याला काहीतरी विचारत. बाराला दहा कमी होते. रेडिओ वेळेच्या आधी आली होती.

"मग काय झालं? ती तर नुसती सुपरवायझर. तपासणी कुठे करते?"

आत्या पुढे बघत होती. बायकांच्या पडद्याजवळ चाकाच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या आजी होत्या, त्यांची मुलगी मागे. तपासणाऱ्या मुलीने आजींच्या कमरेवरून हात फिरवला आणि मान न वळवता मशीनवाल्या मुलीला म्हणाली, "सात नंबर." मशीनवाली गालात हसली. आजींना वाटलं आपल्याकडे बघून हसली, म्हणून त्याही हसल्या.

"सात नंबर काय असतं गं?" मी विचारलं.

आत्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "डायपर," ती म्हणाली. "प्रवाशाला कळू नये म्हणून."

"कोणी काढलं हे?"

"का सात ते कोणालाच माहीत नाही. मी लागले तेव्हापासून आहे." मग पुढेच बघत, "मीपण म्हणायचे. मीपण हसायचे, टकळे."

मी परत आजींकडे बघितलं. त्या अजून हसतच होत्या.

"घरी चल," आत्या एकदम म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणून सांगू. बाबा एक दिवस बेकरी बंद ठेवतील, रात्रीच्या गाडीने नेतील तुला."

रात्रीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. स्पर्धा नऊला. पण खरं सांगते, तेव्हा मला स्पर्धा आठवली नाही. मला आत्याचा हात आठवतो. बर्फासारखा गार, आणि तळवा घामाने ओला. तिला मी कधी घाबरलेली बघितलीच नव्हती. भर रस्त्यात सोनसाखळी ओढणाऱ्याची कॉलर धरणारी बाई ती.

आणि मला वाटलं, एवढं बोलता येतं आपल्याला, तर बोलायचं कधी?

"तू थांब," मी म्हणाले, आणि रांगेच्या दोरीखालून गेले. रांगेच्या तोंडाशी वॉकीटॉकी घेतलेले एक साहेब उभे होते. मी छाती काढून, स्पर्धेत करतात तशी सुरुवात केली.

"नमस्कार सर. त्या माझ्या आत्या. त्यांनी इथेच बावीस वर्षं नोकरी केली आहे. त्यांची तब्येत बरी नाही. त्यांना अंगाच्या तपासणीशिवाय सोडता येईल का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग आत्याकडे. मग परत माझ्याकडे. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"अंगाच्या तपासणीशिवाय?"

"हो सर. फक्त आजचा दिवस."

"पास दाखवा दोघींचे." त्यांनी पास घेतले ते परत दिलेच नाहीत. वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "केबिनमध्ये एक पूर्ण तपासणी. दोन महिला कर्मचारी. सुपरवायझरला बोलवा."

आत्या दोरीपाशी आली होती. "काय बोललीस तू त्यांना?"

"फक्त विनंती केली गं."

"तपासणीशिवाय सोडा म्हणालीस?"

मी मान हलवली. आत्याने डोळे मिटले.

"अगं बाई. जो सोडा म्हणतो, त्याची पूर्ण तपासणी करायची. मीच शिकवलंय पोरींना. राजा असो नाहीतर सख्खी बहीण."

"मग जाऊ आपण परत! नको मला स्पर्धा, चल."

"आता नाही जाता येत," आत्या म्हणाली. "आता तपासल्याशिवाय सोडत नाहीत. परत जायलासुद्धा."

केबिन म्हणजे आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात टोस्टरएवढं पांढरं मशीन, छताला दिवा इतका पांढरा की सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते. मी अठराच्या आतली म्हणून मला आत राहू दिलं, भिंतीला चिकटून. आधी एक बारीकशी मुलगी आली, मोजे चढवत. आत्याला बघून तिचे हात थांबले.

"मॅडम? तुम्ही?"

ही धाकटी. आत्याने शिकवलेली शेवटची मुलगी.

आणि तिच्या मागून रेडिओ. "अगो, तू! कळवायचं नाही का येणारेस ते? आणि हे काय, तुझी पूर्ण तपासणी? कोणाचं डोकं फिरलं? गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," आत्या म्हणाली.

रेडिओने दार लावलं. कडी लागल्याचा आवाज झाला आणि आत्याचं सगळं अंग एकदा हललं. काय झालं ते मला लगेच कळलं. त्या खोलीत फक्त मलाच.

"मॅडम, विचारावं लागेल," धाकटी म्हणाली. "कपड्यांच्या आत काही आहे का? पट्टा, पिशवी, बँडेज, वैद्यकीय असं काही?"

आत्या टेबलाकडे बघत राहिली.

रेडिओ हसत होती, अजून तिला गंमतच वाटत होती. "अगं सांग की, गुडघ्याचा पट्टा आहे म्हणून. आम्हीच तर दिला."

मी तोंड उघडलं. काहीतरी खोटं, काहीतरी शहाणं, काहीही बोलायचं होतं. घशातून हवासुद्धा निघाली नाही. सातवीतल्यासारखी उभी होते मी, भिंतीला पाठ लावून.

"डायपर आहे," आत्या म्हणाली.

रेडिओच्या तोंडून सवयीने निघालं, "सात न..." आणि तिने जीभ चावली. पण ऐकू आलंच.

"हो, तोच," आत्या म्हणाली. आवाज एवढासा, पण शब्द सुटे सुटे. "ऑपरेशनपासून आहे. आणि आत्ता ओला झालाय. तू कडी लावलीस तेव्हा."

बाहेर ट्रे आपटल्याचे आवाज येत होते.

धाकटीने खाली बघूनच बोलायला सुरुवात केली, पाठ केल्यासारखं. "मॅडम, मी हात लावणार नाही. तुम्हीच कपड्यावरून हात फिरवा, पुढून आणि मागून. मग तुमचे तळवे कापडाने पुसून ते कापड मशीनमध्ये घालते. स्फोटकाचा अंश नसला की झालं."

"हे कधीपासून?" आत्याने विचारलं.

"दोन वर्षं झाली. प्रवाशाने सांगितलं तर असंच करायचं. पण कोणी सांगतच नाही."

आत्याने हात फिरवले. पुढून. मागून. मी छताकडे बघत होते. धाकटीने कापडाच्या तुकड्याने तिचे तळवे पुसले आणि तुकडा मशीनच्या फटीत सरकवला. पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"मी मलम लावलंय," आत्या अचानक म्हणाली. "पुरळासाठी. त्यात ग्लिसरीन आहे. हाताला राहिलं असेल."

"ग्लिसरीनने काय होतं?" मी विचारलं. फुटला एकदाचा आवाज.

"मशीन बोंबलतं. बॉम्ब समजतं." धाकटीने उत्तर दिलं. तिचाही चेहरा पडला होता. "मग सगळं काढून बघावं लागतं. साहेबांना कळवून."

पिवळा. पिवळा. पिवळा. मी आकडे मोजायला लागले. मनातल्या मनात नाही हो, ओठ हलवून. बावीसला आत्याने टेबलाची कड धरली. एकतीसला रेडिओ नकळत एक पाऊल मशीनकडे सरकली. सदतीसला दिवा हिरवा झाला.

मी खाली बसले, सरळ फरशीवर.

रेडिओने कागदावर सही केली. मग पेन तसंच धरून म्हणाली, "गुडघे म्हणालीस गं तू."

"हो."

"सगळ्यांनी मिळून पट्टे आणले होते तुझ्या निरोपाला. मी तीन दुकानं पालथी घातली. तुझं माप कोणतं, कोणतं, म्हणून."

"कपाटात आहेत. नवेकोरे."

रेडिओ हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. तिच्या डोळ्यांत भलतंच काहीतरी होतं, लहान मुलाला खेळातून काढल्यावर असतं तसं. कडी काढून ती निघून गेली, काही न बोलता, आणि रेडिओ न बोलता गेली याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

आत्या बाथरूममध्ये जाऊन बदलून आली. विमानाला पस्तीस मिनिटं होती. मी रडत होते. "माझ्यामुळे झालं सगळं. आता ती सगळीकडे सांगणार."

"सांगणार," आत्या म्हणाली. तिने तोंडावर पाणी मारलं होतं, केस चिकटले होते कपाळाला. "तीन वर्षं हीच भीती. रात्री उठून बसायचे." ती समोर बघत होती. तिथे कर्मचाऱ्यांचं चहाचं टेबल होतं, चार बायका गणवेशात, कप हातात. चौघीही ओळखीच्या.

"बॅग धर."

"आत्या, नको!"

"धर म्हटलं ना."

ती गेली. मधे काच होती, मला काही ऐकू येत नव्हतं. चौघी उठल्या, मिठ्या मारल्या, एकीने तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. आत्या बसली नाही. उभ्यानेच बोलायला लागली. मी बॅगेचा पट्टा दातात धरला होता, शप्पथ. एकीचा कप ओठांपाशी थांबला. दुसरी खाली बघायला लागली. आणि मग तिसरी हसली. मला स्पष्ट दिसलं. आत्या बोलत राहिली. तिच्या मागे येऊन रेडिओ उभी राहिली होती, हाताची घडी घालून.

आत्या परत आली तेव्हा तिची मान घामाने निथळत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"ती हसली ना? मी बघितलं."

"हसली. मग तिलाच कळेना, हसून झाल्यावर आता काय करायचं. दुसरी म्हणाली, पट्टे मला दे, माझे गुडघे खरंच गेलेत."

"आणि रेडिओ?"

"त्याबद्दल काही बोलली नाही. माझ्यासाठी चहा ओतला होता त्यांनी, तो उचलून तिनेच पिऊन टाकला. म्हणाली, तू नको पिऊस, विमानात बराच वेळ उठू देत नाहीत."

आमच्या विमानाचं नाव पुकारलं. मी आत्याचा हात धरला, तो अजून गारच होता, आणि माझाही. गेटवरच्या बाईने पास बघितले, फाडले, तुकडे आमच्या हातात दिले.

"पुढे व्हा," ती म्हणाली.

आम्ही झालो.