मानपत्रातली शेवटची ओळ

एकाहत्तरच्या लढाईत डावा हात गमावून मानसिंग वडूजला परतला आणि तालुक्याने त्याच्यावर नारळांचा मारा सुरू केला. शाळेने सत्कार केला, तालमीने केला, गणपतीत तर दोनदा झाला. घरात अकरा शाली जमल्या, नोकरीचं मात्र कुणी नाव काढेना. बायको बनुबाई एक दिवस वैतागून म्हणाली, "आवं, ह्या शाली आता म्हशीच्या पाठीवर टाकू का?"

खरेदी-विक्री संघात टंकलेखकाची जागा रिकामी होती. चेअरमन हंबीररावांनी ती पुतण्या नानासोसाठी धरून ठेवली होती, फक्त तसं मोठ्यानं बोलायचं नाही एवढंच. मानसिंग विचारायला गेला तेव्हा ते मिशीत हसले. "आरं गड्या, टायपिंगला दोन हात लागत्यात. तू आपला वीर हाईस, वीरच ऱ्हा."

मानसिंगच्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी त्याने स्टँडजवळच्या टायपिंग क्लासात नाव घातलं.

मास्तरांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या पुस्तकात एका हाताचा धडाच नव्हता. त्यात मराठी मशीनवर कितीतरी अक्षरं शिफ्ट दाबून धरल्याशिवाय उमटत नाहीत. मग मानसिंगने स्वतःच धडा बसवला. डावीकडचा शिफ्ट अंगठ्याने दाबायचा आणि त्याच दमात बाकीच्या बोटांनी अक्षर गाठायचं. उजवीकडे गेलं की शिफ्टला करंगळी. लष्करात जाण्याआधी तो भजनात पेटी वाजवायचा. तिथे डावा हात भात्यावर आणि सूर सगळे उजव्याचे, त्यामुळे दोन-तीन पट्ट्या एकदम दाबायची बोटांना सवय होती. तरी पहिले दोन महिने तो रडकुंडीला आला. अंगठ्याची शीर अशी धरायची की भाकरी मोडवत नसे. बनुबाई तेल चोळायची आणि चोळता चोळता हंबीररावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आठव्या महिन्यात त्याचा वेग मिनिटाला पस्तीस शब्दांवर गेला. क्लासातला दोन हातांचा एकही गडी त्याच्या पुढे नव्हता. तिकडे संघात नानासो 'तात्पुरता' म्हणून चिकटला होता आणि उवा वेचाव्यात तशी एका बोटाने अक्षरं वेचत होता.

अशात संघाची वार्षिक सभा आली आणि हंबीररावांना मानसिंगचा सत्कार करायची हुक्की आली. आदल्या दिवशी नानासो मानपत्राचा मजकूर घेऊन चोरासारखा क्लासात शिरला.

"मानसिंगराव, तुमचंच मानपत्र हाय, तुमीच बडवा की. माझ्यानं दोन वळी बी व्हईनात. काकांना सांगू नगा."

ज्याचा सत्कार त्यानेच आपली स्तुती टाइप करायची! मानसिंगला संताप आला. मग त्याने मजकूर वाचला, शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा दिसली, आणि त्याला हसू फुटलं.

"ठेव हितं," तो म्हणाला. "उद्या सभेतच आणून देतो."

हंबीरराव कुठलंही मानपत्र आधी वाचत नाहीत, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. हातात कागद पडला की घसा खाकरून ते सुटायचे. त्या दिवशीही तसेच सुटले.

"...अशा या नरवीराने एका हाताने मिनिटाला पस्तीस शब्दांचा वेग मिळवला असून प्रस्तुत मानपत्र त्यांनी स्वतः टाइप केले आहे. म्हणून हा संघ आजपासून त्यांची टंकलेखक पदावर नेमणूक करीत आहे!"

नेमणुकीपर्यंत आवाज खणखणीत होता. पुढचे दोन शब्द त्यांनी पुटपुटतच संपवले. पण तोवर सभासदांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता; मागून कुणीतरी चेअरमनसाहेबांचा जयजयकारही केला. हंबीररावांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या आपल्या चपलांकडे पाहत होता.

आता शब्द फिरवायचा तर पाचशे माणसांसमोर. हंबीररावांनी कसंनुसं हसत शाल मानसिंगच्या रिकाम्या बाहीवर टाकली आणि नारळ पुढे केला.

"नारळ ऱ्हाऊ द्या, चेअरमनसाहेब," मानसिंगने उजवा हात पुढे केला. "हात एकच हाय. हापिसाची किल्ली द्या."