नव्वद व्होल्ट

समजा, बाळांनो, तुमच्यासमोर एक जुना रेडिओ आहे. लाकडी, तुमच्या दप्तरापेक्षा थोडा मोठा. आत काचेचे चार दिवे. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. दिव्यांतल्या केसासारख्या तारा तापवायला टॉर्चचा एक सेल पुरतो, पण आवाज यायला नव्वद व्होल्ट लागतात. म्हणून दोन प्लग, तारांसाठी लहान नि नव्वदसाठी मोठा. नव्वदची वायर चुकून लहान प्लगला लागली, तर चारही दिवे जळालेच. आणि तसले दिवे आता मिळत नाहीत.

आता समजा, त्या दोन्ही वायरी तुमच्या हातात आहेत, आणि मन ताळ्यावर नाही. दोन हजार सालच्या सुमारास शेणव्याला देवकीमावशीच्या ओटीवर दामूची तशीच गत झाली होती.

दामूचं शहापूरच्या बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान. मावशीच्या रेडिओला लागणारी भलीमोठी बॅटरी बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा त्यानंच सांगून टाकलं होतं, "हा मेला गो मावशी." नवरा गेल्यापासून मावशी त्या मुक्या रेडिओवरची धूळ मात्र रोज पुसत होती.

आणि त्या दिवशी कल्याणला नोकरीला असलेला दामूचा धाकटा भाऊ, हरेश, पिशवीतून नऊ व्होल्टचे चौकोनी सेल घेऊन आला. टिचबटणासारखे एकात एक दाबून दहा सेलांची माळ केली. दहा नवे नव्वद.

"एवढंच होतं का रे?" मावशीनं गालावर हात ठेवला. "नि दामू, तू तर तेरावा घालून मोकळा झाला होतास!"

हरेश हसला. "असं नको बोलू गो. सोल्डर धरायला मला दादानीच शिकवलं."

तो मिजास करता, तर दामूला सोपं गेलं असतं. तेच सेल त्याच्या दुकानात बरणीभर पडून होते. रोज विकत होता. मग हे आपल्याला का नाही सुचलं?

"दादा, टोकं तुमीच जोडा. हात तुमचाच पक्का," म्हणून हरेश विहिरीवर हातपाय धुवायला गेला. मावशी चुलीकडे वळली.

दामूजवळ उरली सरिता, हरेशची मुलगी. दर सुट्टीत काकांच्या दुकानात बसून ती हे काम शिकायची. दामूनं सोल्डरगन उचलली. हा रेडिओ जळाला, तर? तर आपलंच खरं ठरेल. मेला म्हणजे मेलाच होता.

त्यानं नव्वदची वायर लहान प्लगला जोडली. हात जरासुद्धा हलला नाही.

"लावू, काका?"

"थांब. तुझ्या बाबालाच लावू दे. त्याचा मान."

"पण आधी बल्ब ना?" सरितानं मावशीचा टॉर्च उघडलाच होता. "तुमीच म्हणता, नवा जोड आधी बल्बला द्यायचा."

दामू काही बोलायच्या आत तिनं बल्ब लहान प्लगला टेकवला. लख्ख पांढरा उजेड झाला आणि काच आतून काळी पडली.

सरितानं बल्बकडे पाहिलं, मग प्लगकडे, मग काकांकडे. काकांचा हात चुकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दामूनं मान खाली घातली.

अंगणातून हरेशची हाक आली, "काय गो, झालं का?"

जळका बल्ब सरितानं फ्रॉकच्या खिशात टाकला आणि ती दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, बाहेरच थांबा. काकांचं व्हायचंय अजून."

मग परत येऊन तिनं सोल्डरगन मुठीकडून काकांपुढे धरली, आणि टॉर्चच्या बुडातला जादा बल्ब काढायला ती खाली बसली.