पाठीवर उमटलेला हुकूम

"सूज पायाला आणि बोलावलाय कातडीचा डॉक्टर! उद्या ताप आला तर न्हावी बोलावतील," सासूबाई उशीत तोंड खुपसून पुटपुटल्या.

सुनेला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. कॉटभोवती अख्खा वॉर्ड जमला होता. पलीकडची रोगीण सलाइनची बाटली उंच धरून आली होती, सफाईवाली झाडू टेकून उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा सासूबाईंच्या पाठीवर.

"डोळे मिटा!" मामा गरजले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. निवृत्त झाल्यापासून त्यांना सिद्धी प्राप्त झाली होती. "आम्ही नुसता हात फिरवतो. लिहिणारा वर बसलाय! त्याला ना पेन लागतं, ना शाई!"

सगळ्यांनी डोळे मिटले. मामांनी परवानगी दिल्यावर उघडले, तर पाठीवर लालबुंद, फुगीर अक्षरं : घरी.

वॉर्डभर हात जोडले गेले. मुलगा लगबगीनं पिशवी भरू लागला.

"अहो, इंजेक्शनं अर्धी राहिलीत. पायातलं विष अंगात भिनलं तर?" सून म्हणाली.

"तू देवापेक्षा शहाणी का?" नवऱ्यानं झटकलं.

तेवढ्यात कातडीच्या डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी पाठ वाचली. "अक्षर वळणदार आहे हं. आजी, हात बघू."

पेनाच्या टोपणानं त्यांनी हातावर काहीतरी ओढलं आणि पाय तपासायला घेतला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी लालीभोवती पेनानं रेघ मारून ठेवली होती. लाली रेघेच्या बरीच आत सरकली होती. "औषध लागू पडतंय," त्या म्हणाल्या, पण ऐकतंय कोण! हातावर अक्षरं फुगत होती : थांबा.

"अगंबाई! देवानं विचार बदलला!" सफाईवाली किंचाळली.

"देवाला कशाला मधे घेता? टोपण माझं होतं. काहींची कातडी अशी चिडकी असते. जरा ओरखडा काढला की फुगते, थोड्या वेळानं आपोआप बसते. मामा, अंगठ्याचं नख छान राखलंय तुम्ही. लिहा बरं पुन्हा, आम्ही डोळे उघडे ठेवतो."

मामांनी अंगठा मुठीत लपवला. "आज... योग नाही."

वॉर्ड खो खो हसला.

"डोळे मिटायला कुणी सांगितलं, की ते आणखी मोठे करायचे," बाई म्हणाल्या. "आणि काही विचारायचं असेल तर पाठीला नको, मला विचारा."

सून सासूबाईंजवळ वाकली. "आई, नख टोचलेलं तुम्हाला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? लहानपणी हा मेला माझ्या पाठीवर पाढे लिहायचा!"

"मग बोलला का नाहीत?"

मुलाचा पिशवीतला हात थांबला. सासूबाई कुशीवर वळल्या.

"मलाच पळायचं होतं इथून. सगळे नुसते सूज, सूज करता. पुढचं कुणी तोंडातून काढत नाही." त्यांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट घट्ट धरलं. "बाई, खरं सांगा. माझा पाय कापणार का?"