माझ्या नावाचे ठोके

साहेबांनी मला भट्टीवरून काढलं, तेही गोड बोलून. म्हणाले, "तुमच्या काळजीपोटीच. हृदयाचं दुखणं आणि भट्टीची धग, नको तो धोका. उद्यापासून पॅकिंगला बसा."

मला हृदयाचं दुखणं? मैद्याची पोती मी एकटी उचलते! पाव भाजायचं काम हाडात मुरलंय, ते सोडून पिशव्यांना चिकटपट्ट्या लावत बसू?

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पट्ट्याने."

हा पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बेकरीनेच सगळ्यांच्या मनगटाला बांधला होता. आरोग्यासाठी, आणि फुकट. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? शिवाय खरं सांगते, मला तो आवडला होता. घरात राबते ते कोणीतरी मोजतंय, शाबास म्हणतंय. घरीदारी कोण म्हणतं? पण पिठात हात घालायचा तर मनगटात बांगडीसुद्धा चालत नाही, हाही बेकरीचाच नियम. बांधा म्हणणारेही हेच, सोडा म्हणणारेही हेच. आणि पट्टा रिकामा पडला की फोनवर भुणभुण सुरू. म्हणून कामावर निघताना मी तो बाबांच्या हातात अडकवायचे.

बाबा निवृत्त पोस्टमन. एकदम खूश. "जन्मभर पायपीट केली, कोणी मोजली नाही. आता बघच," म्हणाले, आणि माझी रोजची ठरलेली पावलं पुरी करायला घरामागच्या बोळात फेऱ्या मारू लागले. परवा दम लागला तेव्हा म्हणाले, वय झालं. मीही हसण्यावारी नेलं.

हे सगळं मी साहेबांना तावातावाने ऐकवलं. "ते ठोके माझे नाहीतच! माझ्या बाबांचे आहेत!"

बोलून गेले आणि मग माझंच बोलणं मला ऐकू आलं. टेबलाची कड घट्ट धरली.

साहेबांचा चेहरा मात्र खुलला. "असं होय! मग प्रश्नच मिटला. भट्टी तुमचीच."

"ठोके चुकतायत हे तुम्हाला कधी कळलं?"

"अहवाल मागच्या महिन्यात आला. वरून निर्णय यायला वेळ लागतो."

मागच्या महिन्यात! माझ्या फोनवर नुसती पावलं आणि शाबासकी, ठोके मात्र थेट यांच्या टेबलावर. यंत्राला कळलं, साहेबांना कळलं, त्यांच्या वरच्यांना कळलं. ज्याच्या छातीत चुकत होतं, तो सोडून सगळ्या गावाला कळलं.

"माझी काळजी होती ना? मग महिनाभर मला का नाही सांगितलंत? तेवढ्यात मेले असते तर?"

"आवाज खाली करा."

नाही केला. अख्ख्या बेकरीने ऐकला. एप्रन त्यांच्या टेबलावर टाकला आणि पळत सुटले.

बोळात बाबा भिंतीला हात टेकून उभे होते. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. मला बघून हसले आणि मनगट वर करून दाखवलं.

"लवकर आलीस? थांब जरा. तुझी थोडीच राहिलीत."