युस्टेसची सही

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत केमिकलचे ड्रम वाहणारी एक ट्रक कंपनी होती. तिच्या गेटालगतच्या पत्र्याच्या केबिनीत रत्नप्रभा मुणगेकर सात वर्षं बसत होती. कामाला नाव होतं टाइमकीपर. कोणता ड्रायव्हर किती वाजता ड्युटीवर चढला, किती वाजता उतरला, मध्ये आराम किती झाला, हे वहीत लिहायचं. सरकारी नियमाचा कागद तिच्या डोक्यामागे भिंतीला डकवलेला होता. सलग पाच तास गाडी चालवली की अर्धा तास आराम, दिवसाला आठ तास काम, आणि एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत निदान नऊ तासांची विश्रांती. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण दर शनिवारी मॅनेजर नंदकिशोर केबिनीत डोकावून म्हणायचा, "बाई, वही भरून टाका," आणि ती भरून टाकायची. सगळे आठला आले, सगळे पाचला गेले. गाडी सुरतेच्या रस्त्यावर असायची आणि वहीत ड्रायव्हर घरी झोपलेला असायचा.

तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याची गिरणी संपात गेली ती गेलीच, तीन वर्षं झाली. असल्फ्याच्या खोलीत चार तोंडं होती. वाईट वाटून घ्यायला फुरसत कुणाला?

पंच्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला ड्रायव्हर युस्टेसची गाडी आत आली आणि वजनकाट्यावर येऊन थांबली. इंजिन चालूच. पाच मिनिटं झाली तरी तो खाली उतरेना. दरवानाने दोनदा हाक मारली. शेवटी रत्नप्रभा उठून गेली आणि पायरीवर चढून आत बघितलं. युस्टेस स्टीअरिंग धरून ताठ बसला होता, डोळे उघडे, आणि तोंडातून लाळ गळत होती. तिने दार थडाथडा वाजवलं तसा तो दचकला.

"कुठला नाका आला?" त्याने विचारलं.

तिने त्याला केबिनीत आणून बसवलं. पाण्याचा ग्लास त्याच्या हातात राहीना, पाणी शर्टावर सांडलं. आदल्या दिवशी पहाटे तो पुण्याला गेला होता, तिथून परस्पर नाशिक, आणि नाशकाहून इथे.

"बाई," तो म्हणाला, "घाटात माज्यापुढे एक जीप होती. ती कवा गेली, कुठं गेली, मना ठाऊक नाय."

टेबलावर वही उघडी पडली होती. युस्टेस त्या वहीकडे बघत राहिला.

"तुमी यात लिवता, मी घरी झोपलोय. उद्या मी मेलो ना, तर ही वही बोलेल, चांगला झोपून उठून गेला नि मेला. माजी बायको आयडा कुणाकडं जाईल? खरा टाइम लिवा, बाई. आमी सगले सही करू."

त्या दिवशी घरी तिने नवऱ्याला सांगितलं. काशीराम खाटेवर बसून ऐकत होता. "नको त्या फंदात पडू नको," तो म्हणाला. "आधी सगळे म्हणतत आमी पाठीशी आसव. मागे वळून बघशीत तर कोण नाय." तिला त्याचा राग आला. संपात हरलेला माणूस, त्याला सगळीकडे हारच दिसणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने एक लांबडी वही घेतली. ती डब्याच्या पिशवीत राहायची; टेबलावरची वही शनिवारी पूर्वीसारखीच भरली जायची. युस्टेसनेच एकेकाला समजावून खिडकीशी आणलं. आधी भीमराज, मग जयवंत, मग बाकीचे तिघे. गाडी लागली की खिडकीशी यायचं, खरी वेळ सांगायची, सही करायची. बाकीचे न बघता सही ठोकून निघून जायचे. युस्टेस मात्र आधी ओळीवरून बोट फिरवायचा, ओठ हलवत सगळं वाचायचा, "हां, बरोबर," म्हणायचा आणि मग गोल गोल अक्षरात पूर्ण नाव लिहायचा.

मे महिन्यात त्याच्या मुलीचं पहिलं कम्युनियन, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा, होता. त्याने रत्नप्रभाला आग्रहाने मरोळ गावठाणातल्या घरी बोलावलं. आयडाने गरम फुगे, मैद्याचे तळलेले गोल पाव, वाढले. युस्टेसने कपाटातून जाडजूड मराठी पुस्तक काढून दाखवलं. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, देवळात वाचन करायचं काम त्याचं होतं. त्याने तिथेच उभं राहून अर्धं पान वाचून दाखवलं, स्वच्छ, एकदाही न अडखळता. पाहुण्यांत तिची ओळख करून देताना म्हणाला, "ही माजी भैन." सख्ख्या भावाने तिला कधी असं चारचौघांत मिरवलं नव्हतं.

सात महिने लांबडी वही भरत गेली. ऑक्टोबरात तिने कामगार खात्याला तक्रारीचा अर्ज धाडला. खाली फक्त तिचंच नाव होतं. ड्रायव्हरांना आधीच कशाला अडचणीत टाका, असा तिचा विचार. अर्ज गेल्याचं तिने एकट्या युस्टेसला सांगितलं. तो म्हणाला, "झकास."

पंधरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, इन्स्पेक्टर आला. नंदकिशोर आधीपासूनच गेटावर वाट बघत होता. त्याने त्याला पंख्याखाली बसवलं, थंडा मागवला. रत्नप्रभा वही छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. इन्स्पेक्टरने वही मागून घेतली आणि ड्रायव्हरांना एकेक करून आत बोलावलं.

भीमराज आला. त्याने आपल्या चपलांकडे बघत सांगितलं, "आठ तास, साहेब. वेळेवर घरी जातो."

जयवंत तेच बोलला. मग पुढचे तिघे. सही बाईंनी मागितली म्हणून दिली, म्हणाले. रत्नप्रभा मनाला समजावत होती. भितात बिचारे. युस्टेस अजून यायचा आहे. तो आला की यांनाही धीर येईल.

युस्टेस आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. इन्स्पेक्टरने लांबडी वही त्याच्यापुढे सरकवली.

"ही सही तुमची?"

"हां."

"वर लिहिलंय, सव्वीस तास सलग गाडी चालवली. खरं आहे?"

"काय लिवलंय ते मना ठाऊक नाय, साहेब. बाई बोलली सही कर, मी केली." त्याने वही परत सरकवली. "मना वाचता येत नाय."

रत्नप्रभाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तो वाचतो! देवळात सगळ्यांसमोर वाचतो. मी स्वतः ऐकलंय."

इन्स्पेक्टरने मान वर केली. युस्टेसने तिच्याकडे बघितलं नाही.

"पाठ करतो, साहेब," तो म्हणाला. "फादर सांगतो, तेवढं मी पाठ करतो."

नंदकिशोर हसला. इन्स्पेक्टरने वही मिटली.

संध्याकाळी पाचच्या आत रत्नप्रभाच्या हातात कागद पडला. बनावट नोंदी करून कंपनीची बदनामी केल्याबद्दल कामावरून कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावठाणात गेली. दार आयडाने उघडलं आणि मान खाली घातली. "हाय आत," एवढंच म्हणाली. आतल्या टेबलावर कोरी करकरीत सुटकेस होती, हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. युस्टेस खुर्चीत बसला होता. तिला बघून उठला आणि उभाच राहिला.

"कुठे?" तिने विचारलं.

"दुबई. नंदकिशोरच्या मेव्हण्याची कंपनी हाय तिकडं. हेवी लायसन लागते."

"कधी ठरलं?"

त्याने सुटकेसकडे बघितलं. आयडाच दारातून म्हणाली, "गणपतीच्या टायमाला."

म्हणजे अर्जाच्या महिनाभर आधी. म्हणजे अर्ज गेला तेव्हा याला ठाऊक होतं. त्यानंतरही हा रोज खिडकीशी येत होता, ओळीवर बोट फिरवत होता, "हां, बरोबर," म्हणत होता. अर्ज गेल्याचं नंदकिशोरला कुणी सांगितलं, हे तिला विचारायची गरज उरली नाही.

"मला एकदा तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मी अर्ज मागे घेतला असता. माझी नोकरी तरी राहिली असती. तूच आला होतास ना रे माझ्याकडे?"

"आलो होतो," युस्टेस म्हणाला, आणि मग त्याचा आवाज एकाएकी चढला. "पन तुमी सात वर्सं खोटं लिवलं, बाई! सात वर्सं आमी झोपेत गाडी हाकली नि तुमी आमाला कागदावर झोपवलं. तवा कोण तुमच्या दारात आला भांडायला? मी एकदाच खोटं बोललो. एकदाच!"

तो बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच ते काळजात घुसलं. ती तशीच मागे वळली. आयडा गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यासोबत आली.

उत्तर सुचलं ते बस स्टॉपवर. मी खोटं लिहिलं ते खरं, पण तू सांगितलंस तेव्हापासून खरंही लिहू लागले. माझ्या पोरांच्या तोंडचा घास पणाला लावून लिहिलं. आणि तू माझा हात धरून मला पुढे नेलंस, पुढे नेऊन सोडून दिलंस. हे सगळं त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. गावठाण दहा मिनिटांवर होतं. पण घाटकोपरची बस आली आणि ती चढली.

घरी काशीरामने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहा ठेवला. 'मी सांगितलं होतं' असं तो एका अक्षराने बोलला नाही, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली.

जानेवारीत युस्टेस दुबईला गेल्याचं तिच्या कानावर आलं. तोवर तिला घाटकोपरात एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं होतं, दाखले लिहायचं. उन्हाळ्यात एकदा भाजी घेताना भीमराज समोर आला. टाळून जाता येईना तेव्हा ओशाळं हसला.

"बऱ्या आहात ना, बाई? तुमच्या जागी नवीन बाई आलीय. अक्षर लय सुंदर हाय तिचं."

त्याचे डोळे लालभडक होते आणि उभ्या उभ्या तो किंचित झोके खात होता. गाडी कोपऱ्यावर लावलेली दिसत होती. किती तास झाले, हा प्रश्न सवयीने तिच्या ओठांवर आला. तिने तो गिळला, मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि घराकडे वळली.