महिन्याले दहा

"सेफ्टी स्टॉक म्हणजे काय, ताराताई?" उन्मेष सरांनी विचारलं अन् मी धाडकन सांगितलं, "अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला माल." सरांनी टाळ्या वाजवल्या. नागपूरच्या सदर भागातल्या या औषधांच्या गोदामात मले अठरा वर्षं झाली, टाळ्या पहिल्यांदाच भेटल्या.

सर पुण्याहून आलेले, नवा कॉम्प्युटर बसवायले. इनचार्जची जागा खाली होती अन् ती मले पाहिजेच होती. म्हणून लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यावर माल यायले लागतात ते दिवस, असे सगळे शब्द मी घोकून टाकले.

मार्चमध्ये सर फ्रिजपाशी थांबले. "साप चावल्याच्या इंजेक्शनच्या साठ वायल, इतक्या बाटल्या कशाला? वर्षाला एकशे वीस जातात, म्हणजे महिन्याला सरासरी दहा. दहाच ठेवा, बाकी कंपनीला परत."

मले माहीत होतं ना! उन्हाळ्यात एक जात नाही, अन् पावसाळ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, निंदणात हप्त्यात चाळीस उडतात. साप का सरासरी पाहून चावते? जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "इनचार्जसाठी तुमचंच नाव देतोय." मेली मी, गुपचूप सही करून मोकळी झाली.

जुलैत दहाच्या दहा एका दिवशी गेल्या. दुसऱ्या दिवशी भिवापूरकडच्या दवाखान्यातून कंपाउंडर कृष्णकांतचा फोन. एरवी थट्टेशिवाय बोलत नाही तो.

"तारा, सापाच्या वीस वायल काढून ठेव. गाडी निघाली."

"नाही गा. ऑर्डर टाकली आहे, पाच दिवस लागतीन."

"काय बोलून राहिली वं? तुह्याकडं नेहमी राहतात! माही बायको आहे वं, सुमती. वावरात चावला."

मी सारं नागपूर फोनवर पालथं घातलं. नंदनवनातल्या एका दुकानात आठ भेटल्या. गाडी पोचली तेव्हा सुमती गेली होती.

सकाळी रडत रडत सरांले सांगितलं. त्याईनं पाणी दिलं. मंग हळूच म्हणाले, "न पुरवलेल्या बारा वायल नोंदवा. सरासरी सुधारेल."

मी नोंदवल्या. कॉम्प्युटरनं सांगितलं, यापुढं महिन्याले अकरा ठेवा.

"अकरा?" माह्या तोंडातून निघूनच गेलं. "सर, उन्हाळ्यात एकही जात नाही! सगळ्या याच दोन-तीन महिन्यांत जातात!"

सर कॉम्प्युटरवरून माह्याकडं वळले. "ताराताई, तुम्हाला हे माहीत होतं?"